पुलाच्या कुठल्या बाजूला

म्हापशाला तुझं वीजखातं, वेर्ण्याला माझी लॅब,
मध्ये दोन नद्या,
आणि जूनमध्ये कृत्तिकेची पहिली.

डिचोलीच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरला आपण,
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, एकावर तुझा चष्मा,
उरलेले दोन वर येत राहिले.
तू शाळेतला कंपास काढलास. झाकणाच्या आत
अजून चिकटलेलं आठवीचं वेळापत्रक.
दहा किलोमीटरचं एक वर्तुळ तुझं, दहाचं एक माझं.
शिवली नाहीत एकमेकांना.
"हे लग्नाआधी बघायला हवं होतं," तू म्हणालास, आणि मी हसले,
जरा जास्तच वेळ.

तिसवाडी म्हणतात मधल्या मुलखाला. तीस वाड्या होत्या म्हणे.
आपल्याला एक पुरली असती.

रविवारचा रस्ता खोटं बोलतो
हे दुसऱ्या रविवारी कळलं.
मग मंगळवारी रजा टाकून
पर्वरीहून सव्वासातला सुटलो, कामाला निघाल्यासारखे.
डबेसुद्धा घेतले होते, का ते विचारू नकोस.
मांडवीवर एकवीस मिनिटं. एकवीस.
शेजारच्या व्हॅनमध्ये गणवेशातला एक मुलगा,
तोंड उघडं, टाय कानापाशी, गाढ.
कृत्तिकेनं काचेवर टकटक केलं. तो उठला नाही.

ताळगावात भाडं ऐकलं आणि
इंजिन बंद न करताच तू गाडी वळवलीस.
मेरशीचा फ्लॅट आवडला होता मला, खिडकीत खाजन, बगळे.
पण आग्नेल, दलाल असून, प्रामाणिक निघाला:
शाळा म्हणाल तर बाई, हायवे ओलांडून.
मी तिचा हात धरला
तिथेच, तिसऱ्या मजल्यावर.

शाळेच्या फॉर्मवर 'घरात बोलली जाणारी भाषा', चौकट एक.
मी तिला कोंकणीत रागावते, तू मराठीत गोष्ट सांगतोस,
ती आपल्याला इंग्रजीत नाही म्हणते.
"पत्ता?" सिस्टरनी विचारलं.
शाळा ठरली की पत्ता, मी म्हटलं.
"पत्ता ठरला की शाळा," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे.

रायबंदर कुणाच्याच वर्तुळात नव्हतं.
आग्नेलची मावशी म्हणून गेलो, चहापुरते.
एस्पेरान्सबाई. वरच्या मजल्यावर दोन खोल्या,
नदीकडे एकच खिडकी, तीही न्हाणीघराला.
तिनं पगार विचारला नाही. म्हणाली,
"चेडवाक कितल्या वरांचेर उठयतली गो?"

मी बोटांवर मोजलं.
पर्वरीत पावणेसहा. मेरशीत सव्वासहा.
इथे, बस फाटकापाशी थांबते म्हणजे, पावणेसात.
वहीत तू लाल पेनानं सात रकाने आखले होतेस,
भाडं, पाणी, फी, पार्किंग, काय काय.
झोप त्यात नव्हती.
आणि सव्वा ते साडेपाच,
शाळा सुटल्यापासून आपण सुटेपर्यंत,
तेही नव्हतं. त्या सव्वाचार तासांना
दोघंही इतके दिवस वळसा घालून जात होतो.

"फाटक मी उघडीन. जेवण तुमचं.
आणि दुपारी मी पडते, तेव्हा तिनं गप्प बसायचं."
मग हनुवटीनं झाडांपलीकडचं एक छप्पर दाखवलं:
"माझ्या झेवियरची शाळा. दोन मिनिटं चालत.
आता स्विंडनला असतो."
तू विचारलंस, पुलाला किती वेळ लागतो इथून?
"मला काय ठाऊक? मी कधी ओलांडला नाही."

आगाऊ दिले. पावती नाही, बिस्किटं मिळाली.
सिस्टर अजून कळवते म्हणताहेत.
परतताना तू हिशेब केलास: तुला चाळीस, मला पन्नास,
उन्हाळ्यात. पावसात देव जाणे.
मागच्या सीटवर कृत्तिका झोपलेली, तोंड उघडं,
एका मुठीत बिस्किटाचा चुरा.
डिचोलीला घरासमोर पोचलो.
तू इंजिन बंद केलं नाहीस.